वाळवंट रिकामं नव्हतं, आपलं गायरानही रिकामं नाही



उन्हाची वीज चांगली का वाईट, असा वाद आजकाल गावागावात ऐकू येतोय. माझं मत सरळ आहे. उन्हाची वीज चांगलीच. कोळशाचा धूर नाही, राख नाही. पण ऊन पकडायला जमीन लागते. ती जमीन कुणाची, आणि ती 'रिकामी' आहे असं कागदावर कोण लिहितं, हा आपला खरा वाद आहे. 'रिकामी', 'पडीक', 'ओसाड' ह्या तीन शब्दांनी आजवर आपल्या लोकांची जेवढी जमीन गेली, तेवढी लाठ्याकाठ्यांनी गेली नसेल.

नाशिक-नंदुरबारकडच्या साथींना वाटेल, बीड जिल्ह्यात कुठलं आलं जंगल? खरं आहे, आमच्याकडं सागवानाचं दाट रान नाही. बालाघाटचे डोंगर आहेत, त्यावर बोर, बाभळ, हिवर, पळस आणि सीताफळ आहे. डोंगराच्या उतारावर आणि गावाच्या शिवेला गायरान आहे. आमचा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं पेसा कायदा लागू नाही. पारधी, भिल्ल अशी आपली माणसं तुकड्या-तुकड्यानं राहतेत आणि बहुतेकांचं पोट गायरानावर आहे. तुमचं जंगल ते आमचं गायरान, एवढं समजून पुढं वाचा.

वाळवंटात काय झालं

आधी राजस्थानात जाऊ, कारण 'रिकामी जमीन, भरपूर ऊन' हे गणित तिथं पहिलं मांडलं गेलं.

उन्हाची वीज दोन तऱ्हेनं होते. एक, आपण शाळेच्या छतावर बघतो ते निळे-काळे पॅनल. त्यावर ऊन पडलं की सरळ वीज तयार होते. दुसरी तऱ्हा आरशांची. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो ना, तसंच मोठ्या प्रमाणावर. मैलभर आरसे मांडायचे, सगळं ऊन एका नळीवर नाहीतर एका मनोऱ्यावर टाकायचं, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करायची आणि वाफेनं टर्बाईन फिरवायचं. ह्याला सौर औष्णिक म्हणतेत. परळीत कोळशानं वाफ करतेत, इथं आरशानं. पुढचं यंत्र तेच. ह्या तऱ्हेचा फायदा असा की उष्णता वितळलेल्या मिठात साठवून ठेवली तर सूर्य मावळल्यावरही काही तास वीज देता येते.

केंद्र सरकारनं २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं. त्यात पहिल्याच फेरीत सात सौर औष्णिक प्रकल्प मंजूर झाले, एकूण ४७० मेगावॅटचे. प्रत्यक्षात तीनच उभे राहिले. जैसलमेर जिल्ह्यात नोख इथं ५० मेगावॅटचा २०१३ मध्ये, त्याच जिल्ह्यात धुरसर इथं १२५ मेगावॅटचा २०१४ मध्ये, आणि आंध्रात अनंतपूर जिल्ह्यात ५० मेगावॅटचा. बाकीचे पूर्ण झालेच नाहीत. तोवर पॅनल स्वस्त झाले आणि कंपन्या तिकडं वळल्या.

आता पाण्याचं बघा. वाफ थंड करून परत वापरायची तर पाणी लागतं. साध्या पद्धतीनं थंड केली तर अशा प्रकल्पाला एका युनिटमागं साधारण ३ लिटर पाणी लागतं. हिशोब करा. ५० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण ताकदीनं एक तास चालला की ५० हजार युनिट वीज. त्याला दीड लाख लिटर पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात १२ हजार लिटरचा टँकर येतो, तसे साडेबारा टँकर, एका तासाला! हवेनं थंड करायची पद्धत आहे, त्यात पाणी पुष्कळ वाचतं, पण खर्च वाढतो आणि वीज थोडी कमी निघते. म्हणजे ऊन फुकट असलं तरी पाणी फुकट नाही, आणि जिथं सगळ्यात जास्त ऊन असतं तिथंच पाण्याची बोंब असते.

हे बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. परळीचं वीज केंद्र १९७१ पासून आहे. २०१३ च्या दुष्काळात खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि फेब्रुवारीत सगळे संच बंद करावे लागले. २०१५ च्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही, परत तेच. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. पाणी नव्हतं. वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राचं हे दुखणं आहे, मग खाली कोळसा जळो का वर सूर्य तापो.

आणि आता जमिनीचं. दिल्लीतून नकाशात बघितलं तर जैसलमेर म्हणजे निव्वळ वाळू. सरकारी नकाशात हजारो एकर 'वेस्टलँड', म्हणजे पडीक, अशी रंगवलेली. पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, ही आमची ओरण आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालवायची नाही, पण उंट, गाई, मेंढरं चरायची. पावसाचं पाणी तिथंच साठवायचं. आपल्याकडची देवराई आणि गायरान एकत्र केलं तर ओरण होते. पिढ्यान् पिढ्या राखलेल्या ह्या ओरणींतल्या बऱ्याच जमिनी महसूल दप्तरी साध्या सरकारी पडीक म्हणून लागल्या. मग सौर आणि पवन कंपन्यांना जमीन द्यायची वेळ आली तेव्हा कारकुनाला ती रिकामीच दिसली. लोक उठले, देगराय ओरणीसाठी पायी मोर्चे निघाले, कोर्टात गेले. १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजस्थान सरकारला सांगितलं, की गावोगाव जाऊन ह्या देवराया मोजा, त्यांना वनाचा दर्जा द्या, आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्ती म्हणून लोकांच्या हाती राखण द्यायचा विचार करा.

ध्यानात घ्या साथींनो. ज्या वनहक्क कायद्यासाठी आपण दिल्लीपर्यंत चाललो, तोच कायदा वाळवंटातल्या उंटवाल्यांच्या कामी आला.

देशाबाहेरही हीच गोष्ट. आफ्रिकेतल्या मोरोक्को देशात वार्झाझात शहराजवळ जगातल्या सगळ्यात मोठ्या सौर औष्णिक प्रकल्पांपैकी एक उभा आहे. त्याचा पहिला टप्पा, १६० मेगावॅटचा, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला. ती जमीन आयत उक्रूर नावाच्या टोळीची सामाईक चराई होती. घेताना ती नापीक ठरवली गेली आणि भाव मिळाला चौरस मीटरला १ दिरहम. तेव्हाच्या हिशोबानं पाच-सहा रुपये, म्हणजे एकराला वीस-बावीस हजार. तोही पैसा लोकांच्या हातात आला नाही, सरकारच्या ताब्यातल्या खात्यात गेला आणि त्यातून विकासकामं करू असं सांगण्यात आलं. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण तलाठ्याचा शब्द तोच, 'पडीक'.

तो शब्द आता आपल्या शिवेवर आलाय

आमच्या भागात आरशांचा प्रकल्प नाही. आमच्याकडं पॅनल आलेत. त्यांना वाफेइतकं पाणी लागत नाही, धुवायपुरतं लागतं. पण जमीन लागतेच, एका मेगावॅटला चार-पाच एकर.

राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपाला दिवसा वीज द्यायची, त्यासाठी सबस्टेशनच्या जवळपास छोटे-मोठे सौर प्रकल्प उभे करायचे, असा बेत. हेतू चांगला आहे. रात्री-बेरात्री दारं धरायला गेलेल्या किती माणसांना साप चावला, हे आपण बघितलंय. दिवसा वीज पाहिजेच.

पण जमीन कुठून आणायची? योजनेनं दोन वाटा ठेवल्यात.

पहिली वाट, खाजगी शेतकऱ्याची जमीन भाड्यानं घ्यायची. भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, आणि त्यात दरसाल ३ टक्के वाढ.

दुसरी वाट, सरकारी जमीन, त्यात गायरान आलं. ती ३० वर्षांसाठी नाममात्र १ रुपया भाड्यानं द्यायची. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, म्हणजे एकूण १५ लाख.

आता वही-पेन घ्या. आपली पोरं बारावी झालीत ती कशाला? ५० एकर म्हणजे २० हेक्टर जमीन धरा. ती सातबारावाल्याची असती तर पहिल्याच वर्षी भाडं झालं असतं २५ लाख. दरसाल ३ टक्के वाढ धरून तीस वर्षांची बेरीज केली तर पावणेबारा कोटींच्या वर जाते. तीच २० हेक्टर गायरान असली तर गावाला १५ लाख, सरकारला वर्षाचा १ रुपया, आणि जो माणूस त्या गायरानावर चाळीस वर्षं ज्वारी-बाजरी पेरतोय त्याला नोटीस.

ऊन तेच, पॅनल तेच, कंपनीला वीज विकून मिळणारा पैसाही तसाच. फरक फक्त एका कागदाचा. ज्याच्याजवळ सातबारा आहे तो मालक, त्याला भाडं. ज्याच्याजवळ नाही तो अतिक्रमणवाला, त्याला जेसीबी. आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय ती दिवसाची वीज तरी आपल्याला मिळेल का? शेतीपंपाच्या अर्जाला सातबारा लागतो. म्हणजे गायरानवाल्याच्या जमिनीवर तयार झालेली वीज गायरानवाल्याच्या वस्तीवरून तारेतून पुढं जाणार.

गायरान रिकामं कामून दिसतं?

एक तर कुठल्या महिन्यात बघायला येतेत त्यावर आहे. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतेत. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. कोयता, भांडीकुंडी, लेकरं, बैल घेऊन. पाच-सहा महिने वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुलपं राहतेत. नेमकं त्याच महिन्यांत मोजणीवाले येतेत, पंचनामे होतेत, ग्रामसभाही होतेत. आमच्या वस्तीवर असंच झालं. लोक फडात होते आणि मागं जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या. कुणी मारल्या, कशासाठी, हे विचारायला घरात एक म्हातारी होती. तिला सांगितलं, "काय नाय मावशी, सरकारी काम हाय." मग कागदावर लिहिणार, जागेवर कुणी आढळून आलं नाही!

दुसरं, गायरानावर जे पिकतं ते कुठल्या रजिस्टरला लागत नाही. बायांच्या शेळ्या तिथं चरतेत. शेळी म्हणजे आपली बँक. दवाखाना निघाला की एक बोकड विकायचा. चुलीला सरपण तिथूनच. पावसाळा संपता संपता बालाघाटच्या डोंगरावर आणि गायरानावर सीताफळ येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सरकारनं कौतुक केलं. पण ते सीताफळ पाटीत भरून धारूर-अंबाजोगाईच्या बाजारात नेणारी बाई कोण, आणि ती कुठल्या जमिनीवरून ते तोडते, हे कुणी विचारलं? तारेचं कंपाउंड झालं की शेळीही थांबते आणि पाटीही. नुकसानभरपाईच्या तक्त्यात ना शेळीचा रकाना आहे ना सीताफळाचा.

तिसरं कारण जुनं आहे. पारध्याच्या नावावर जमीन का नाही? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं आपल्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ज्याला गावात रात्र काढू देत नव्हते त्याच्या नावानं सातबारा कसा निघणार? मग जे पडून होतं ते आपल्या बापजाद्यांनी वाहितीला आणलं. दगड वेचले, बांध घातले. एकटे पारधीच नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात मराठवाड्यातल्या दलितांनी जेल भरले. पुढं एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं ह्याच बीड जिल्ह्यात गायरान कसणाऱ्या दलित-पारध्यांची बाजू घेतली. आजची वहिवाट ह्या लढ्यांतून आलीय. चोरीतून नाही.

समोरचे काय म्हणतेत, आणि आपलं उत्तर

पहिलं, "गायरान सरकारचं आहे, तुम्ही अतिक्रमण केलंय. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे."

निकाल आहे. २८ जानेवारी २०११ चा, जगपाल सिंग खटल्यातला. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं त्यात आहे. त्याच्या आधारानं राज्य सरकारनं १२ जुलै २०११ ला जीआर काढला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानंही गायरानं मोकळी करायला सांगितलं. पण निकाल पूर्ण वाचा. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, तिथं अपवाद करता येईल, असं त्याच निकालात लिहिलंय. आणि महाराष्ट्र सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा. किती जणांचे प्रस्ताव त्याखाली तहसीलात पडून आहेत? पस्तीस वर्षं आपला कागद हलत नाही आणि कंपनीचा कागद पळतो, हे कसं? शिवाय सामाईक जमीन सामाईक राहावी म्हणून तो निकाल दिलेला आहे. आपल्याला उठवून ती तीस वर्षं तारेच्या आत कंपनीला दिली तर ती गावाची राहिली का?

दुसरं, "रोजगार मिळेल."

बांधकामाच्या वेळी खड्डे खांदायला मिळेल. नंतर पॅनलला फार माणसं लागत नाहीत. दोन वॉचमन, गवत काढायला चार बाया, धुवायला काही पोरं. तीस वर्षांच्या जमिनीच्या बदल्यात हे काम मोजून घ्या.

तिसरं, "मोबदला मिळतोय तर घ्या, अडवता कशाला?"

मोबदल्याचं काय होतं ते धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांना विचारायला पाहिजे होतं. आता विचारता येत नाही. त्यांची पाच एकर जमीन दोंडाईचाच्या औष्णिक प्रकल्पासाठी घेतली, पुढं तिथं सौर प्रकल्प ठरला. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. हेलपाटे घालून घालून २२ जानेवारी २०१८ ला ८४ वर्षांच्या ह्या म्हाताऱ्यानं मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. मग सरकारला जाग आली, फेरमूल्यांकन झालं. ते सातबारावाले होते. ज्याच्याजवळ तो कागदही नाही त्याचं कोण ऐकणार?

आणि आपल्या जिल्ह्याचं एक सांगायला पाहिजे. पवनचक्की, सौर, असे प्रकल्प आले की पैसा येतो आणि पैशामागं गुंड येतेत. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली, असं तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात आहे. खटला चालू आहे. सरपंचाची ही गत, तर वस्तीवरच्या माणसानं एकट्यानं उभं राहू नये. जे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून, कागदावर आणि दिवसाढवळ्या.

मग आपल्याला पाहिजे तरी काय?

आपण सौर विजेच्या आड येत नाही. उन्हाची वीज कुणाला न उठवता करता येते, हे शेजारी नगर जिल्ह्यात बघा. शिर्डीत २००९ पासून प्रसादालयाच्या छतावर ७३ मोठ्या तबकड्या आहेत. त्या ऊन गोळा करून वाफ करतेत आणि त्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. राजस्थानच्या वाळवंटात जी युक्ती हजारभर एकर मागते तीच युक्ती इथं छतावर बसली. कुणाची शेळी हटवली नाही. वीज नाही, स्वयंपाक आहे, प्रमाण लहान आहे, कबूल. पण सुरुवात छतापासून करायची का गरिबाच्या बांधापासून, हे ठरवावं लागतं. आश्रमशाळा, झेडपीच्या शाळा, तहसील, कारखाने, एमआयडीसीतले मोकळे प्लॉट, परळीच्या केंद्रासाठी आधीच घेतलेली जमीन, हे सगळं आधी वापरा. त्यानंतर गायरानाकडं बघा.

आणि गायरानावर करायचंच असेल तर मालकाला जो भाव, तो गावाला द्या. हेक्टरी सव्वा लाख ग्रामसभेच्या खात्यात, दरसाल, तीस वर्षं, आणि त्यात कसणाऱ्याचा वाटा आधी. केंद्राच्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती ह्यांना स्वतः २ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प उभारायची तरतूद २०१९ पासून आहे. कंपनीच का? आपल्या बायांचा गट का नाही?

वस्तीवर हे लगेच करा

१. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तलाठ्याकडून तिची नक्कल मागा. आपलं नाव, गट नंबर, क्षेत्र आहे का बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तलाठी नाही म्हणाला तर माहिती अधिकारात मागा.

२. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपेऱ्याच्या नोंदी, जुनं रेशनकार्ड, काय असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घाला. झेरॉक्स काढून एक प्रत संघटनेकडं ठेवा. पाल जळालं तरी कागद राहिला पाहिजे.

३. १९९१ च्या जीआरखाली आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ५१ खाली नियमानुकूल करण्याचा अर्ज परत करा. आधी केला असला तरी परत.

४. आपला गट महसूलचा आहे का वनखात्याचा, हे आधी बघा. जमीन वन असली आणि वहिवाट १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असली, तर २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. त्याच्या कलम ४(५) प्रमाणं दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. पेसा नसला तरी वनहक्क कायदा बीडलाही लागू आहे. डोंगराचा सामूहिक दावा अजून ज्या गावांनी टाकला नाही, त्यांनी टाकावा.

५. सौर प्रकल्पावरची ग्रामसभा दिवाळी ते पाडवा ह्या काळात घेऊ नये, असा ठराव आत्ताच करून ठेवा. साध्या ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण पुरतेत, त्यामुळं टोळ्या बाहेर असताना गावातले चार जण आपली जमीन देऊन टाकू शकतेत. टोळी जायच्या आधी ठराव, टोळी आल्यावर चर्चा.

६. मोजणीवाला आला तर भांडू नका, दगड उचलू नका. ओळखपत्र बघा, आदेशाची प्रत मागा, फोटो काढा, तारीख लिहा आणि आपल्या शेळ्या तिथंच चरू द्या. शेळी दिसली की जमीन रिकामी आहे असं लिहिता येत नाही.

शेवटची मागणी सरकारला. गायरानाचा एकही गट कंपनीला द्यायच्या आधी त्या गटावर कोण पेरतं, कोण चारतं, कोण काय वेचतं, ह्याची यादी ग्रामसभेत, सगळ्या बायांच्या हजेरीत, टोळ्या गावात असताना वाचून दाखवा. जैसलमेरात ओरण मोजायला सुप्रीम कोर्ट लागलं. आपल्याकडं तलाठ्यानं एक दिवस वस्तीवर येऊन बसलं तरी पुरे.

यादी झाल्यावर मग बोलू, ऊन कुणी पकडायचं ते.

जल, जंगल, जमीन आपली!
गायरान आमच्या घामाचं!
जोहार!

– एक कार्यकर्ती, बीड जिल्हा